गायरानावरचा सौर प्रकल्प आणि ग्रामसभेतला राग

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका सौरऊर्जा कंपनीत समन्वयाचं काम करता. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून मराठवाड्यातल्या एका गावच्या गायरानावर ५ मेगावॅटचा प्रकल्प व्हायचा आहे. तुम्ही ग्रामसभेत प्रोजेक्टर लावलात, वितळणाऱ्या हिमनगांपासून सुरुवात केलीत, कोळशाचे तोटे सांगितलेत आणि शेतीला दिवसा वीज मिळेल हेही सांगितलंत. तरी सभा उधळली. कुणी म्हणालं पॅनलमुळे पाऊस हटेल, कुणी म्हणालं जमीन लाटायला आलात. एका म्हाताऱ्या बाबांनी ‘मग जनावरं काय तुझ्या काचांवर चारू?’ असं विचारलं आणि टाळ्या पडल्या. तुम्ही विचारताय की लोक इतके भावनिक झालेले असताना त्यांना शास्त्रीय माहिती पटवून कशी द्यायची.

मी या क्षेत्रात आले ती पाणलोटाच्या कामातून. पुढे पवनचक्क्या आल्या, मग सौर प्रकल्प आले. गाव, कंपनी आणि वीज खातं यांच्या मधे बसून बोलणं घडवून आणणं हाच माझा धंदा झाला. त्या जोरावर सांगते, तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलंय. माहिती तुमच्याकडे आहे आणि भावना गावाकडे आहेत, असं तुम्ही धरून चाललाय. त्या सभेत लोकांनी तुम्हाला भरपूर माहिती दिली, फक्त ती रागाच्या आवाजात दिली. जनावरं कुठे चारायची, हा भूवापराचा प्रश्न आहे. तुमच्या प्रकल्प अहवालात त्या जागेपुढे ‘पडीक’ असं लिहिलेलं असेल, तर त्या बाबांनी तुमच्या अहवालातली चूक भर सभेत दाखवून दिली.

तेव्हा मी प्रश्न असा ठेवीन: हा राग, ही भीती नेमकी कशाबद्दल आहे, आणि त्यातलं काय काय तुम्ही बदलू शकता?

याचं उत्तर बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. ते गायरान खरोखर चराईला आहे की त्यावर वर्षानुवर्षं कुणी कसतंय? गाव अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रात येतं का? येत असेल तर ग्रामसभेचे अधिकार वेगळे आणि जास्त आहेत. जागेचा आराखडा अजून बदलता येतो की निविदा, मोजणी, करार सगळं होऊन गेलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला स्वतःला शब्द देण्याचा अधिकार किती आहे? मी जे सांगणार आहे त्यातलं काही तुमच्या गावाला लागू पडेल, काही पडणार नाही. पण निर्णय आधीच पक्का झाला असेल, तर कृपा करून त्या सभेला ‘चर्चा’ म्हणू नका. माहिती द्यायला आलोय, एवढंच म्हणा. चर्चेला बोलावून ठरलेलं ऐकवलं की लोक जास्त चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

आता गायरानाबद्दल, कारण तुमच्या प्रकरणाचं मूळ मला तिथे दिसतं.

मराठवाड्यात गायरान ही नुसती गुरं चारायची जागा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून ती कसण्याच्या हक्काची जागा झालीय. कितीतरी दलित, पारधी आणि इतर भूमिहीन कुटुंबांचा एक-दोन एकराचा तुकडा गायरानात असतो. सातबाऱ्यावर नाव नसतं, तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीत असलं तर असतं. त्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दल निकाल दिला. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानातल्या घरांना आणि शेतांना नोटिसा गेल्या. ती धास्ती अजून गेलेली नाही. अशा गावात तुमचे सर्व्हेवाले मोजणीचं मशीन घेऊन उतरले, तर त्या कुटुंबांना त्यात सौरऊर्जा दिसत नाही. त्यांना आपलं शेत जाताना दिसतं.

तुमच्या सभेत बोललं कोण, ते आठवून बघा. पाऊस हटेल म्हणणारा कोण होता? बागायतदार की कोरडवाहू? टाळ्या कुणी वाजवल्या? आणि कोण एक शब्दही बोललं नाही? माझा अनुभव असा की ज्याचं सगळ्यात जास्त जायचं असतं तो माणूस सभेत गप्प बसतो. उभं राहून बोललं की आपलं अतिक्रमण चव्हाट्यावर येईल, अशी त्याला भीती असते. मोठ्याने ओरडणाऱ्यांना शांत केलं म्हणजे विरोध मावळला, असं कंपनीचे लोक समजतात आणि काम सुरू करायच्या दिवशी जेसीबीपुढे बायका-पोरं आडवी झालेली बघून चकित होतात. ही तीच गप्प बसलेली कुटुंबं असतात.

शिवाय गायरान वापरणारे सगळेच गावचे मतदार नसतात. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन ठरलेल्या वाटेने येणारे धनगर वर्षातून काही दिवस तिथे बसतात. मेंढरं बसवल्याचा खत म्हणून गावाला फायदा होतो, त्यांना चारा मिळतो. ग्रामसभेच्या हजेरीत त्यांची सही कधीच सापडणार नाही. त्यांना शोधायला तुम्हाला गावातल्याच कुणाला तरी विचारावं लागेल की ते कधी येतात, कुणाच्या रानात बसतात आणि पाणी कुठे पाजतात.

रागाचं दुसरं कारण हिशोबाचं आहे, आणि तो हिशोब गावाला पक्का येतो. याच योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ असते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने जाते. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतो तिला वर्षाला ५ लाख, असे ३ वर्षं मिळून १५ लाख मिळतात. ५ मेगावॅटला साधारण २० ते २५ एकर लागतात, म्हणजे ८ ते १० हेक्टर. तेवढी खासगी जमीन असती तर मालकांना वर्षाला दहा ते साडेबारा लाख मिळाले असते, तेही कराराच्या मुदतीभर, पंचवीस वर्षांच्या वर. गायरान सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नाही असं धरलं गेलं आणि ज्याचं ढोर तिथे चरतं त्याच्या हातात काही आलं नाही. पारावर बसलेला माणूस हे गणित तोंडी करतो. त्याला तुम्ही वातावरणातल्या कार्बनचा हिशोब सांगायला लागलात, तर त्याला वाटणार की हा माणूस मुद्दाम दुसरीकडे बघतोय.

या हिशोबातला बराचसा भाग तुमच्या हातात नाही, तो शासनाच्या धोरणात आहे. तरी तो लपवू नका. ‘खासगी जमिनीला इतकं, गायरानाला इतकं, हे मी ठरवलेलं नाही, पण तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मी लेखी वर पाठवतो’ एवढं प्रामाणिकपणे म्हटलं तरी सभेचा सूर बदलतो. ते १५ लाख कशाला वापरायचे हे सरपंच आणि दोन सदस्यांनी ठरवण्याऐवजी ग्रामसभेत ठरलं, आणि त्यातला पहिला खर्च चारा, पाणवठा किंवा उरलेल्या गायरानाच्या सुधारणेवर झाला, तर ज्यांचं गेलंय त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचतं.

आणखी एक गोष्ट तपासा, कारण मी इथे भल्याभल्यांना घसरताना पाहिलंय. तुम्ही ‘तुम्हाला दिवसा वीज मिळेल’ म्हणालात. पण तुमच्या प्रकल्पाची वीज ज्या सबस्टेशनवर जाणार आहे, त्याच्या कोणत्या शेती फीडरवर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या लाइनवर, हे गाव आहे? या योजनेत प्रकल्प सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आत असावा लागतो, तो त्याच गावच्या फीडरला पुरवठा करेलच असं नसतं. पॅनल एका गावच्या गायरानावर आणि दिवसा चालणारे पंप शेजारच्या गावचे, असंही होऊ शकतं. वायरमनला विचारा, कुठली लाइन कुठे जाते ते दाखवणारा एक-रेषेचा नकाशा काढून घ्या आणि मगच बोला. गावाला आपला फीडर तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो. तुम्ही चुकीचं बोललात की पुढचं तुमचं खरंही खोटं ठरतं.

आता पाऊस हटण्याची भीती. यावर हसू नका, आणि ‘अंधश्रद्धा’ हा शब्द तर सभेत उच्चारूच नका. साताऱ्यात, सांगलीत, धुळ्याच्या साक्री भागात पवनचक्क्या आल्या त्या सुमाराला दुष्काळ पडला, आणि पात्यांमुळे ढग पळतात असं गावोगाव बोललं जाऊ लागलं. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात तथ्य नाही. पात्याचं टोक जमिनीपासून शे-दीडशे मीटरपर्यंत जातं. मोसमी पावसाची ढगांची रचना काही किलोमीटर उंच आणि शेकडो किलोमीटर पसरलेली असते. हे मी प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगते, गुळमुळीत बोलत नाही. पण तेवढ्यावर भीती जात नाही, कारण तिच्या पोटात दुसरंच काही असतं. पठारावरच्या जमिनी दलालांनी कवडीमोलाने घेतल्या, मग तिथे कोट्यवधींची यंत्रं उभी राहिली, रस्ते झाले, तारा गेल्या आणि गावातले दिवे तेव्हाही जात-येत राहिले. त्याच वर्षी पाऊसही गेला. आपलं सगळं कुणीतरी घेऊन चाललंय ही भावना खरी होती, ती ढगांच्या रूपाने बोलली जात होती.

म्हणून असा मुद्दा आला की मी त्याचे दोन भाग करते. दावा खोटा असेल तर तो का खोटा आहे, ते दोन वाक्यांत सांगते. मग विचारते, ‘पाऊस सोडून या प्रकल्पाची अजून कशाची धास्ती वाटते?’ तिथून खरं बोलणं सुरू होतं. आणि प्रत्येक शंका खोटी असतेच असंही नाही. पॅनलमुळे उष्णता वाढते का, हे तुम्हाला विचारलंच जाईल. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत सौर प्रकल्पाच्या आत रात्रीचं तापमान शेजारच्या उघड्या रानापेक्षा ३ ते ४ अंशांनी जास्त आढळलं होतं. प्रकल्पापासून दूर गेलं की हा परिणाम झपाट्याने ओसरतो, आणि शेजारचं पीक जळेल असं त्यातून म्हणता येत नाही. तरी ‘काहीही होत नाही, सगळं अफवा’ हे उत्तर खरं नाही. कुंपणापासून पिकापर्यंत किती अंतर सोडणार ते सांगा. पॅनल धुवायला पाणी लागतं, ते कुठल्या बोअरचं? उन्हाळ्यात टँकर सुरू असताना काय करणार? कोरडी सफाई करणार असाल तर तसं लिहून द्या. या प्रश्नांना आकड्यांत उत्तर दिलंत की पाऊस हटण्याचा मुद्दा आपोआप मागे पडतो, असं मी बघितलंय.

मोठ्या वीज प्रकल्पांबद्दलचा संशय आपल्याकडे आजचा नाही. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. वीज मुंबईसाठी आणि बुडणार मावळ्यांची भातखाचरं, हा तेव्हाचा प्रश्न होता. ‘जान किंवा जमीन’ ही तेव्हाची घोषणा होती. धरण झालंच. कोयनेने महाराष्ट्राला वीज दिली, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची पुढची पिढी पर्यायी जमिनीसाठी अजून आंदोलनं करते. कोळशाची वीज असो, पाण्याची असो की सूर्याची, गावाच्या आठवणीत ती एकाच रांगेत बसते: बाहेरून माणूस येतो, राज्याचं भलं सांगतो आणि आपली जमीन जाते. तुमची ऊर्जा स्वच्छ आहे म्हणून ती रांग मोडत नाही. ती मोडायची तर तुमच्या प्रकल्पात काहीतरी वेगळं घडावं लागेल.

ब्रिटनमधले पर्यावरण-मानसशास्त्राचे अभ्यासक पॅट्रिक डिव्हाइन-राइट यांनी पवनऊर्जेच्या विरोधाचा अभ्यास करताना हाच मुद्दा मांडला. लोक ‘आमच्या दारात नको’ म्हणतात तेव्हा तो स्वार्थ असतो, हे त्यांनी नाकारलं. माणसाचं जागेशी नातं असतं, त्या जागेतून त्याची ओळख बनते आणि बदल त्या ओळखीवर घाला वाटला की तो जागेच्या रक्षणाला उभा राहतो. आपल्याकडे याला फार समजावून सांगायची गरज नाही. गायरानाच्या कडेला म्हसोबा असतो, जुनं चिंचेचं झाड असतं, कुणाच्या तरी आज्याची समाधी असते, मसनवट्याकडे जाणारी वाट असते. गुगलच्या नकाशात यातलं काही दिसत नाही.

यासाठी माझ्याकडे एकच पद्धत आहे, ती पाणलोटाच्या काळापासूनची: शिवारफेरी. सभेच्या आधी, आराखडा पक्का होण्याच्या आधी, गावातल्या लोकांबरोबर ती जागा पायी फिरा. सोबत एक गुराखी, एक म्हातारी, एक त्या जागेत कसणारा माणूस आणि तुमचा आराखडा काढणारा अभियंता हवा. अभियंता नसेल तर फेरीचा निम्मा उपयोग जातो. एका गावातली फेरी मला चांगली आठवते. शेळ्या राखणारी एक बाई पुढे चालत होती. ती एका ठिकाणी थांबली, पायाने माती उकरली आणि म्हणाली, ‘इथं मार्चपर्यंत ओल असती.’ अभियंत्याच्या कागदावर तिथे इन्व्हर्टरची खोली होती. पुढे तिने ओढ्याकाठची बोरी-बाभळीची पट्टी दाखवली, उन्हाळ्यात शेळ्या तिथल्या शेंगांवरच जगतात म्हणाली. अभियंत्याने तिथेच उकिडवं बसून कागदावर खोली सरकवली आणि दोन ओळी पॅनल कमी करता येतील का ते बघायला घेतलं. ती पट्टी कुंपणाबाहेर राहिली. पुढच्या सभेत प्रकल्पाची बाजू त्या बाईनेच मांडली, ‘म्या सांगितलं ते त्यांनी लिवलं’ एवढ्या शब्दांत.

बायकांचा मुद्दा निघालाच आहे तर सांगते. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर होते. तुम्ही ती खरी घ्यायला लावा आणि तिथे हवामानबदलाची स्लाइड दाखवू नका. एवढंच विचारा की रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात घरात काय होतं. शेतीपंपाला आठवडा आळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री थ्री फेज मिळते. रात्रीचा आठवडा आला की घरातला माणूस विजेरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो. कुठे साप, कुठे विंचू. जुन्नर-आंबेगावकडे तर ऊसात बिबट्या. तो परत येईपर्यंत बायको जागी असते, फोन लागत नाही तेव्हा तिच्या जिवाचं काय होतं ते तीच सांगेल. हे बोलायला लागल्या की बायका थांबत नाहीत. दिवसा वीज मिळण्याचं मोल तुमच्या कुठल्याही आलेखापेक्षा त्या चांगलं सांगतात. मात्र फीडरची खात्री झाल्याशिवाय हा विषय काढू नका. एवढ्या आतल्या भीतीला हात घालून नंतर ती वीज दिली नाहीत, तर तुमच्यावर कुणी पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

हवामानबदलाबद्दल बोलूच नये का? बोला, पण हिमनगांपासून सुरुवात नको. तुमच्या समोर बसलेल्या माणसाने २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अंगावर घेतलीय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते त्याने पाहिलंय. त्याच दुष्काळात, २०१५ च्या जुलैमध्ये, पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाच्या विजेलाही पाणी लागतं आणि पाऊस गेला की तीही जाते, हे मराठवाड्याला जगाने शिकवायची गरज नाही. तेव्हा विचारा: तुमच्या वडिलांच्या वेळी पेरणी कधी व्हायची, आता कधी होते? दुबार पेरणी किती वेळा झाली? अवकाळीत काय गेलं? लोक बोलू लागतील, एकमेकांना दुरुस्त करतील. मग तुम्ही तापमानवाढीचं कारण जोडून द्या. ते दोन-तीन मिनिटांत होतं, कारण निरीक्षणं त्यांची स्वतःची असतात.

आणि घाबरवू नका. भीती दाखवली आणि हातात करण्यासारखं काही दिलं नाही की माणूस कान बंद करतो. जगातल्या दहा देशांतल्या, त्यात भारतही होता, १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी २०२१ साली ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५९ टक्के तरुणांनी हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. सरकारं आपल्याला वाऱ्यावर सोडतायत या भावनेशी ती काळजी जोडलेली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नुसत्या संकटाने माणूस जितका खचतो त्याहून जास्त, मोठी माणसं काही करत नाहीत हे बघून खचतो. गावातली दहावी-बारावीची मुलं तुमच्या सभेत मागे उभी असतात. त्यांना मोजणीत घ्या, तापमानाच्या नोंदी ठेवायला द्या, प्रकल्पाने महिन्याला किती युनिट दिले ते फळ्यावर लिहायला सांगा.

उत्साहाचंही बोलायला हवं, कारण आपण भावना म्हटलं की राग आणि भीतीच धरतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी घ्या. शंभरेक घरांचं गाव, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. तिथे पॅनल घरांच्या छपरांवर आहेत, वीजबिल कुणाचं कमी होतंय ते प्रत्येक घराला दिसतं, आणि गावाने आधी स्वच्छतेच्या कामातून एकत्र येण्याची सवय लावून घेतली होती. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सौरपंपांची सहकारी संस्था काढून उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. डेन्मार्कच्या साम्सो बेटाने १९९७ ला स्वयंपूर्ण ऊर्जेची स्पर्धा जिंकली आणि दहा वर्षांत ते करून दाखवलं. तिथल्या पवनचक्क्यांत शेतकऱ्यांचे आणि रहिवाशांचे स्वतःचे हिस्से आहेत. पुढे २०२० पर्यंत डेन्मार्कमध्ये कायदाच होता की नव्या पवनचक्कीतले किमान २० टक्के हिस्से आसपासच्या लोकांना देऊ करायचे. जिथे मालकी आहे तिथे अभिमान आहे. तुमच्या योजनेत गावाला मालकी देण्याची सोय नाही हे मला माहीत आहे. पण चौकीदारी, गवत कापणं, पॅनल सफाई ही कामं गावच्या बचतगटाला किंवा ज्यांची चराई गेली त्या घरांना करारावर देता येतात. गवत कापण्याऐवजी पॅनलखाली मेंढ्या चारणं युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात चालतं. तुमच्याकडे पॅनलची उंची आणि केबलचं संरक्षण बघून ते शक्य आहे का, हे अभियंत्याला विचाराच. म्हाताऱ्या बाबांनी चिडून विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर कदाचित तिथे सापडेल. मात्र रोजगाराचे आकडे फुगवू नका. बांधकाम संपलं की एवढ्या प्रकल्पात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नोकऱ्या उरतात.

कोळशाच्या गावांबद्दल एकच सांगते, कारण तुमच्या स्लाइडमध्ये कोळसा खलनायक होता. चंद्रपूर, परळी, नाशिकजवळचं एकलहरे इथल्या माणसांना ती वीज केंद्रं म्हणजे पोटापाण्याची सोय आणि अभिमान वाटतात, धुराचा आणि राखेचा त्रास सोसूनही. एकलहऱ्यात जुने संच बंद पडणार म्हटल्यावर लोकांनी नवा संच मागितला. मराठवाड्यातल्या तुमच्या गावातून कुणी ना कुणी परळीला कामाला गेलेलं असणार. त्याच्या देखत कोळशाला शिव्या घातल्या तर तो तुमचा राहत नाही.

आता तुम्ही पुढच्या महिनाभरात काय करावं. आधी फीडरचा कागद मिळवा. मग तलाठी आणि ग्रामसेवकाकडून गायरानाच्या नोंदी घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. वस्तीवर संध्याकाळी जा आणि कसणाऱ्यांना घरी भेटा. तिथे नावं लिहून घ्यायची घाई नको, त्यांना तीच भीती असते. नंतर शिवारफेरी, महिला सभा आणि मग ग्रामसभा. लोक जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहा. ‘चराईविषयी चिंता’ असं लिहू नका, ‘जनावरं कुठं चारू’ असंच लिहा. पुढच्या सभेत तोच कागद भिंतीला लावा आणि प्रत्येक ओळीपुढे काय झालं ते सांगा: हे बदललं, हे बदलता येत नाही आणि त्याचं कारण हे, याचं उत्तर अमक्या तारखेला देतो. ती तारीख पाळा. तुमच्या जागी कंपनीने दुसरा माणूस पाठवला तर तो कागद त्याच्या हातात द्या. गावं थकलेली असतात ती याच गोष्टीने, दर सहा महिन्यांनी नवा साहेब येतो आणि पहिल्यापासून विचारतो.

तुमच्या स्वतःबद्दलही थोडं. तुम्ही लिहिलंय की त्या दिवसानंतर गावात जायला नको वाटतं. हे साहजिक आहे. लोक कंपनीवर चिडतात आणि ऐकून तुम्ही घेता. एकटे जाऊ नका, पोलीस बंदोबस्त घेऊन तर मुळीच जाऊ नका. त्या म्हाताऱ्या बाबांच्या घरी आधी जा, वादाचा विषय न काढता. जनावरं किती, पाणी कुठे पाजता, चारा कधी संपतो, एवढं विचारा आणि ऐका.

हे सगळं करूनही ग्रामसभा नाही म्हणू शकते. त्याची तयारी ठेवा आणि तुमच्या वरिष्ठांनाही आधीच सांगून ठेवा. तसं झालं तर नकाराची कारणं ठरावात नीट लिहिली जातील हे बघा, सभेचं प्रोसिडिंग त्याच दिवशी पूर्ण करून घ्या आणि त्याची प्रत घेऊन या. ‘स्थानिकांचा विरोध’ एवढं एका ओळीत लिहून फाइल पुढे सरकवू नका. त्याच सबस्टेशनच्या टापूत भाड्याने द्यायला तयार असलेली खासगी मुरमाड जमीन आहे का ते शोधा. वर सांगितलेल्या भाड्यात कोरडवाहू शेतकरी बऱ्याचदा तयार होतात. किंवा गायरानाचा अर्धाच भाग घेऊन छोटा प्रकल्प बसतो का ते तपासा, कारण योजनेत अर्ध्या मेगावॅटपासूनचे प्रकल्प बसतात. हे पर्याय घेऊन तुम्ही वरिष्ठांपुढे गेलात तर गावाचा नकार हा कामातला अडथळा म्हणून न बघता जागा बदलण्याचं ठोस कारण म्हणून बघता येईल.